मधल्या सुट्टीत रोज आईनेच यावे का?

पत्र: माझी मुलगी ९ वर्षांची असून चौथीत शिकते. ५ महिन्यांपूर्वी तिला टाइप वन मधुमेह असल्याचे निदान झाले. शाळेने तिला पुन्हा वर्गात घेतले, परंतु मधल्या सुट्टीत मी स्वतः येऊन तिची शुगर तपासावी आणि इन्सुलिन द्यावे, अशी अट घातली. या धावपळीत माझी नोकरी जवळजवळ सुटल्यात जमा आहे. खेळाच्या तासाला तिला कडेला बसवतात आणि पुढच्या महिन्यातल्या सहलीच्या यादीतून ‘आम्हाला ही जबाबदारी नको’ असे सांगून तिचे नाव काढले आहे. गेल्या आठवड्यात गणिताच्या तासाला तिला थरथर सुटली, तेव्हा बाईंनी तिला एकटीलाच खाली ऑफिसात पाठवले. ती जिन्यातच बसून राहिली. दुसऱ्या वर्गातल्या मुलांनी पाहिले म्हणून कळले. शाळेशी भांडावे, शाळा बदलावी की काही दिवस तिला घरीच ठेवावे, काही सुचत नाही. त्यातच मुलगी म्हणते, ‘वर्गात कोणाला काही सांगू नकोस.’
– एक आई

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला जिन्याचा प्रसंग सर्वांत आधी घ्यायला हवा. बाकीच्या बहुतेक गोष्टी शाळेबरोबरच्या बैठकीपर्यंत थांबू शकतात, ही थांबू शकत नाही. रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेले की थरथर, घाम, धडधड अशा खुणा दिसू लागतात. ते ५४ च्या खाली गेले की मेंदूला इंधन अपुरे पडू लागते आणि आपल्याला काय होते आहे, कुठे जायचे आहे, मदत कोणाकडे मागायची, हेच मुलाला उमगेनासे होते. अशा वेळी तिला जिना उतरायला लावणे धोक्याचे आहे, शिवाय चालण्याच्या श्रमाने शुगर आणखी उतरते ते वेगळेच. म्हणून वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापक या दोघांनाही उद्याच लेखी कळवा की शुगर कमी झाल्याची शंका जरी आली तरी मुलीला एकटीला कुठेही पाठवू नये. ग्लुकोज तिच्या बाकापाशी यावे आणि ती पूर्ण सावरेपर्यंत एक मोठे माणूस तिच्याजवळ थांबावे. ग्लुकोजच्या गोळ्यांचे एक पाकीट तिच्या दप्तरात आणि एक बाईंच्या टेबलाच्या खणात, एवढी सोय बैठक न घेताही होऊ शकते.

आता शाळेच्या ‘जबाबदारी नको’विषयी. हे वाक्य ऐकून आईवडिलांच्या तळपायाची आग मस्तकात जाते आणि ते स्वाभाविकही आहे, परंतु त्यामागे बहुतेक वेळा निष्ठुरपणा कमी आणि भीती जास्त असते. निदान झाल्यावर तुम्हाला रुग्णालयात कित्येक तास बसवून सारे समजावून सांगितले गेले असेल. वर्गशिक्षिकेच्या वाट्याला मात्र ‘तिला मधुमेह आहे, जरा लक्ष ठेवा’ एवढेच आले असण्याची शक्यता मोठी आहे. वर्गभर मुलांना सांभाळणाऱ्या माणसाला ‘लक्ष ठेवा’ या सूचनेचे काहीच करता येत नाही. उलट काय घडेल याची धास्ती तेवढी वाढते. ‘अमुक खूण दिसली तर अमुक करा, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, तरीही फरक नसेल तर या क्रमांकावर फोन करा’ असे सांगितले तर मात्र तिला ते करता येते. शाळेकडे सहानुभूती मागण्यापेक्षा नेमकी कृती मागावी, आणि ती कागदावर मागावी, हे माझ्या सल्ल्याचे सार आहे. तुमच्याशिवायही तिचा शाळेचा दिवस सुरळीत पार पडावा, हे तुमचे उद्दिष्ट असले पाहिजे. तुम्ही आजारी पडलात किंवा कुठे अडकलात, तर सध्याच्या व्यवस्थेत तिच्या इन्सुलिनची सोयच उरत नाही, ही गोष्ट शाळेच्याही नजरेस आणून द्या.

या कागदाला उपचार आराखडा म्हणता येईल. तो तुमच्या मुलीच्या डॉक्टरांनी भरावा आणि त्यावर डॉक्टर, पालक व मुख्याध्यापक अशा तिघांच्या सह्या असाव्यात. इंटरनेटवरचा छापील नमुना जसाच्या तसा देऊ नका, कारण शुगर कमी झाल्यावर प्रत्येक मूल वेगळे दिसते. कोणाचा चेहरा पांढरा पडतो, कोणी एकाएकी चिडते, कोणी टक लावून बसते, कोणाचे अक्षर बिघडते. तुमची मुलगी कशी दिसते ते तुम्हालाच ठाऊक आहे. ‘ओठांभोवती फिकट होते आणि साध्या प्रश्नालाही उलट बोलते’ असे एखादे वाक्य बाईंना वैद्यकीय लक्षणांच्या लांबलचक यादीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. उद्धटपणा म्हणून शिक्षा होणारी कितीतरी वागणूक खरे तर उतरलेली शुगर असते.

त्यापुढे उपचार लिहावा. मोठ्या माणसांना अशा वेळी १५ ग्रॅम लवकर पचणारी साखर देतात. मुलांमध्ये साधारणपणे दर किलो वजनामागे ०.३ ग्रॅम असा हिशेब धरतात, म्हणजे वजन २७ किलो असेल तर सुमारे ८ ग्रॅम. तुमच्या मुलीचा आकडा डॉक्टरांकडून घ्या आणि तो ग्रॅममध्ये न लिहिता ‘इतक्या गोळ्या’ किंवा ‘साखरेचे इतके चमचे पाण्यात विरघळवून’ अशा शब्दांत लिहा, कारण घाबरलेल्या माणसाला गुणाकार करायला लावण्यात अर्थ नाही. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि शुगर ७० च्या खालीच असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. चॉकलेट देऊ नये, असे स्पष्ट लिहा. गोड म्हणून कोणाच्याही मनात आधी तेच येते, पण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. मुलगी बेशुद्ध असेल, तिला झटके येत असतील किंवा तिला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचे नाही. तिला कुशीवर वळवायचे, ग्लुकॅगॉन (शुगर झटपट वाढवणारे औषध) ठेवलेले असेल तर ते द्यायचे आणि रुग्णवाहिका बोलवायची. ग्लुकॅगॉनची मात्रा साधारणपणे २५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना अर्धा मिलिग्रॅम आणि त्याहून अधिक वजनाच्या मुलांना १ मिलिग्रॅम अशी असते. काही ठिकाणी नाकावाटे देण्याचे ग्लुकॅगॉनही मिळते. ते दिल्यावर उलटी होऊ शकते, म्हणून कुशीवर वळवणे विसरून चालत नाही. आणि एक वाक्य ठळक अक्षरांत असावे: शुगर कमी असताना इन्सुलिन कधीही द्यायचे नाही. ‘मधुमेहाचा त्रास होतोय ना, मग मधुमेहाचे औषध द्या’ असा सरळ पण घातक विचार अनोळखी माणूस सहज करून बसतो.

वाढलेल्या शुगरबद्दल शाळा उगाच घाबरतात. मीटरवर २२० दिसले म्हणून मुलीला घरी पाठवण्याचे कारण नाही. तिला पाणी पिऊ द्यावे आणि दर वेळी हात वर करून परवानगी न मागता स्वच्छतागृहात जाऊ द्यावे, इतके बहुधा पुरते. शुगर २५० च्या वर टिकून असेल तर कीटोन, म्हणजे इन्सुलिन अपुरे पडले की शरीरात साठणारे आम्लधर्मी पदार्थ, तपासावेत, आणि उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता तुम्हाला फोन करून रुग्णालय गाठावे.

आता तुमच्या रोजच्या फेरीविषयी. ती एका दिवसात बंद करण्याचा आग्रह धरू नका. शाळा बिथरेल आणि मुलगीही. आधी शाळेत दोन-तीन माणसे निश्चित करून घ्या: वर्गशिक्षिका, खेळाच्या शिक्षिका आणि दिवसभर जागेवर असणारे ऑफिसातील कोणीतरी. शाळेतल्या मावशी आणि बसमधल्या ताई यांना बैठकीला बोलावण्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही, पण मुलगी थकून भिंतीला टेकलेली सर्वांत आधी त्यांनाच दिसते, म्हणून निदान शुगर कमी झाल्याच्या खुणा त्यांना अवश्य दाखवा. प्रशिक्षण शक्यतो तुमच्या रुग्णालयातील मधुमेह शिक्षक किंवा परिचारिका यांनी द्यावे. तीच गोष्ट आईने सांगितली तर काळजीपोटी सांगते आहे असे वाटते, परिचारिकेने सांगितली तर उपचार वाटतो. हे अन्यायाचे असले तरी तसे घडते खरे. प्रत्येकाने मीटर हातात धरून पाहावे, इन्सुलिन पेनची सुई लावून स्पंजात टोचून पाहावी. ती सुई किती बारीक आणि आखूड असते हे पाहिल्यावर निम्मी भीती तिथेच ओसरते.

नऊ वर्षांच्या मुलीला बोटाला टोचून शुगर तपासणे आणि पेनने इन्सुलिन घेणे जमू शकते. मात्रा किती घ्यायची हा निर्णय मात्र तिच्यावर सोपवू नये. डब्यातील पदार्थांचा कर्बोदकांचा हिशेब सकाळीच चिठ्ठीवर लिहून डब्याबरोबर द्या, मीटरवरचा आकडा बाईंनी किंवा ऑफिसातील व्यक्तीने फोनवर सांगावा, मात्रा तुम्ही सांगा आणि पेनवर फिरवलेला आकडा त्या व्यक्तीने डोळ्यांनी पाहून मगच मुलीने इन्सुलिन घ्यावे. पहिले काही दिवस तुम्ही तिथे हजर राहा पण हात लावू नका. त्यानंतर शाळेच्या आवारात पण वर्गाबाहेर थांबा. मग फोनवर या.

घंटेचा प्रश्न छोटा वाटतो, पण मुलीच्या दृष्टीने तोच मोठा असतो. लवकर काम करणारे इन्सुलिन जेवणाच्या १५ मिनिटे आधी घेतलेले चांगले. सुट्टीची घंटा झाल्यावर हात धुणे, शुगर तपासणे, इन्सुलिन घेणे आणि मग डबा उघडणे असा क्रम ठेवला, तर तिचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत मैत्रिणी मैदानावर पोहोचलेल्या असतात. मग ती एक तर डबा अर्धा टाकून पळते, म्हणजे घेतलेल्या इन्सुलिनच्या मानाने खाणे कमी पडते, नाहीतर इन्सुलिन चुकवते. तेव्हा घंटेच्या १५ मिनिटे आधी तपासण्याची आणि इन्सुलिन घेण्याची परवानगी आराखड्यात लिहून घ्या. हे तिने बाकावर बसून करायचे की ऑफिसात जाऊन, ते तिला विचारा. हात धुण्याचे मुद्दाम लिहितो आहे, कारण बोटाला चिकटलेला फळाचा रस किंवा साखरेचा कण मीटरवर भलताच मोठा आकडा दाखवतो आणि त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन दिले गेले तर पुढच्या तासाला शुगर घसरते. पाणी जवळ नसेल तर पहिला थेंब पुसून दुसऱ्या थेंबावर तपासावे.

काही शाळा डॉक्टरांकडून ‘शाळेच्या वेळेत इन्सुलिन लागणार नाही असे वेळापत्रक आणा’ अशी मागणी करतात. तसे वेळापत्रक वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरांना योग्य वाटले तर गोष्ट वेगळी; केवळ शाळेच्या सोयीसाठी मुलीचा उपचार बदलू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

सामानाचे दोन संच ठेवा. मीटर, पट्ट्या, पेन, सुया आणि ग्लुकोज यांचा एक संच तिच्याबरोबर फिरेल. दुसरा, कीटोनच्या पट्ट्या आणि ग्लुकॅगॉन यांसह, ऑफिसात राहील. तो कुलपात ठेवू नये असे मी म्हणेन. औषधे जपायची म्हणून शाळा ती कपाटात बंद करतात आणि नेमक्या त्या दिवशी किल्ली असणारी व्यक्ती रजेवर असते. वापरात असलेले पेन साधारण ४ आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, नेमकी मुदत त्याच्या वेष्टनावर असते. ते उन्हात किंवा तापलेल्या बसमध्ये राहू नये. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे, मात्र गोठू देऊ नये. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात टाकून तो घरी आणावा, म्हणजे सफाई करणाऱ्यांच्या हाताला त्या टोचणार नाहीत.

खेळाच्या तासाला तिला बसवून ठेवण्याला वैद्यकीय आधार नाही. खेळल्याने शुगर उतरते, कधी काही तासांनी आणि रात्रीही उतरते, म्हणून खेळण्याआधी तपासावे, ९० च्या खाली असेल तर आधी थोडे खाऊन मग मैदानात जावे आणि ग्लुकोज खेळाच्या शिक्षिकेच्या खिशात असावे. कीटोन वाढलेले असतील किंवा नुकतीच शुगर गंभीररीत्या घसरली असेल, तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी. एरवी खेळ तिच्या उपचाराचाच भाग आहे, आणि रोज कडेला बसणाऱ्या मुलीला वर्ग आपोआप ‘आजारी’ ठरवतो.

परीक्षेसाठी वेगळे पत्र द्या आणि ते परीक्षेच्या बरेच आधी द्या. मीटर, ग्लुकोज आणि पाणी बाकावर ठेवू द्यावे, शुगर कमी झाली तर तेवढा वेळ वाढवून मिळावा. आकडा ७० च्या वर आला म्हणजे ती लगेच गणिते सोडवू शकेल असे नव्हे. विचारशक्ती पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. पुढे त्वचेवर राहून शुगर सतत मोजणारा सेन्सर लावलात तर तो वाचणारा फोन हे वैद्यकीय उपकरण आहे, हे शाळेच्या फोनबंदीच्या नियमात अपवाद म्हणून नोंदवून घ्या. सेन्सर रक्तातला बदल काही मिनिटे उशिराने दाखवतो, त्यामुळे आकडा आणि मुलीची अवस्था जुळत नसेल तर बोटाला टोचून खात्री करावी. आणि एक विनंती तुम्हाला: सेन्सरचे आकडे तुमच्या फोनवर दिसू लागले की शुगर उतरत असल्याचे दाखवणाऱ्या प्रत्येक खालच्या बाणाला शाळेत फोन करण्याचा मोह होईल. तो आवरा. कोणत्या आकड्याला फोन करायचा ते आराखड्यातच ठरवून टाका, नाहीतर दोन आठवड्यांत शाळा तुमचा फोन उचलायला टाळाटाळ करू लागेल.

मुलीच्या ‘कोणाला सांगू नकोस’ या म्हणण्याचे दोन भाग करावे लागतील. तिला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांना कळलेच पाहिजे. यात तिला निवड नाही आणि तसे तिला सरळ सांगा. वर्गातील मुलांना सांगायचे की नाही, कधी आणि किती, हे मात्र तिने ठरवावे. तिच्या शेजारी बसणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला तरी सांगण्याचा आग्रह जरूर करा, कारण बाईंची पाठ फळ्याकडे असते. पुढे ती तयार झाली तर वर्गात दहा मिनिटांची माहिती देता येईल: हा आजार संसर्गाने होत नाही, गोड खाल्ल्याने झालेला नाही, शरीराच्या प्रतिकारशक्तीने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला केला आहे, म्हणून ते बाहेरून घ्यावे लागते. मुलांना गोष्ट आवडते; जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे उपचार म्हणून सर्वांत प्रथम इन्सुलिन ज्याला टोचले गेले, तो लिओनार्ड थॉम्प्सन १४ वर्षांचा मुलगा होता, हे सांगितले तर वर्ग कान देऊन ऐकेल. त्या वेळी वर्गात बसायचे की बाहेर, हेही तिलाच ठरवू द्या.

बाईंना आणखी दोन गोष्टी सांगा. वर्गात कोणी वाढदिवसाचा खाऊ वाटला तर ‘तुला चालत नाही’ असे सर्वांसमोर म्हणू नये. तुम्हाला आधी कळवले तर इन्सुलिनचा हिशेब करून तिलाही तो खाता येतो. आणि आकडा जास्त आला तर ‘काय खाल्लंस?’ असे विचारू नये. ताप, ताण, वाढीचे वय, कितीतरी कारणांनी शुगर वाढते; दर वेळी चौकशी झाली की मुले तपासणे टाळू लागतात किंवा खोटा आकडा सांगतात. हे घरच्या माणसांनाही लागू आहे.

शाळा बदलावी का? इतक्यात नाही, नव्या शाळेतही याच अज्ञानापासून सुरुवात करावी लागेल आणि मुलीच्या मैत्रिणी तेवढ्या सुटतील. घरी ठेवणे तर मुळीच नको. बैठक मागा, डॉक्टरांचे पत्र सोबत न्या, जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलने किंवा पत्राने शाळेला लिहून पाठवा. शाळा तुमच्याकडून हमीपत्र मागेल; ते वाचून सही करा. ‘आराखड्याप्रमाणे कर्मचाऱ्यांनी मदत करावी, यास आमची संमती आहे’ असे असेल तर बिनदिक्कत सही करावी, कारण त्या कर्मचाऱ्यांनाही संरक्षण हवे. ‘काहीही झाले तरी शाळा जबाबदार नाही आणि कोणी मदत करणार नाही’ अशा आशयाचे असेल तर सही करू नका. मधुमेह असलेल्या मुलांना शाळेत मदत मिळावी हा काही ठिकाणी कायद्यानेच दिलेला हक्क आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या मुले व कुटुंबे कायद्याने ती शाळांची जबाबदारी ठरवली आहे. तुमच्याकडे काय तरतूद आहे ते शिक्षण विभागाकडे पत्राने विचारा, पण त्यांचे उत्तर पहिल्याच बैठकीत टेबलावर आपटू नका; चर्चा फिसकटली तरच ते बाहेर काढा.

आराखड्यावर तारीख अवश्य घाला. निदानानंतर काही महिने स्वादुपिंड थोडे इन्सुलिन अजून बनवत असते, त्यामुळे सध्या तिला कमी मात्रा पुरत असेल. हा काळ सरला की मात्रा वाढेल आणि जुना कागद चुकीचा ठरेल. दर तीन महिन्यांच्या तपासणीनंतर नवी प्रत द्या आणि जुनी परत मागून घ्या.

सहलीसाठी वेगळे एक पान पुरेल: प्रशिक्षण घेतलेल्या एका शिक्षिकेचे नाव, लागेल त्याच्या दुप्पट सामान, जेवणाच्या वेळा आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक. पहिल्या खेपेला तुम्ही बरोबर गेलात तरी हरकत नाही, पण ती अट म्हणून मान्य करू नका. आणि जिन्याच्या प्रसंगासारखीच याही बाबतीत बैठकीची वाट पाहू नका. यादी कधी बंद होणार ते उद्याच्या पत्रातच विचारून घ्या.